कागदांचा निघंटू
(दवाखान्याच्या व घरच्या दप्तराची संगणकावरील मांडणी)

रहिमतपूरजवळच्या एका खेड्यात चाळीसहून अधिक वर्षे वैद्यकी केलेले आमचे एक ज्येष्ठ वैद्यमित्र २०११ साली निवर्तले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, एक लोखंडी ट्रंक व दोन पिशव्या रिक्षात घालून आमच्या दवाखान्यात आल्या. "यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं, तुम्हीच बघा," एवढेच त्या म्हणाल्या. ट्रंकेत पदवी होती, परिषदेचे नोंदणीपत्र होते, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या होत्या, तीस वर्षांची वीजबिले होती व पुठ्ठ्यांवर लिहिलेले कल्पांचे पाठ होते. घराच्या खरेदीखताच्या सहा झेरॉक्स प्रती निघाल्या. मूळ खत मात्र निघाले नाही.

त्या खताचा पत्ता लागण्यास सात महिने गेले. औषधालयासाठी चूर्णयंत्र घेताना वैद्यांनी कर्ज काढले होते व खत तारण ठेवले होते. कर्ज केव्हाच फिटले होते. खत सोडवून आणावयाचे तेवढे राहून गेले. ते जेथे होते तेथे सुरक्षित होते, परंतु ते तेथे आहे हे घरात कोणासही ठाऊक नव्हते. त्या सात महिन्यांत वारसनोंद थांबली व औषधालय मुलाच्या नावे करण्याचे कामही थांबले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हा मनुष्य गबाळा नव्हता. त्यांच्या औषधालयातील प्रत्येक बरणीवर द्रव्याचे नाव, आणल्याची तिथी व कोठून आणले हे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असे. जी शिस्त त्यांनी द्रव्यांना लावली, ती कागदांना लावावयाची राहिली.

घरी येऊन आम्ही आमचे कपाट उघडले. तेथील अवस्था निराळी नव्हती. त्याच उन्हाळ्यात आम्ही दवाखान्यातील संगणकावर कागदांची नोंद करण्यास बसलो. त्या वेळी आमच्याकडे विंडोज एक्सपी व त्यावर ॲक्सेस २००३ होते. संगणकाचे आमचे शिक्षण बिल छापण्यापलीकडे गेलेले नव्हते. त्यानंतरच्या वर्षांत ज्या चुका घडल्या व ज्या मार्गाने त्या दुरुस्त झाल्या, ते वैद्यबंधू-भगिनींच्या व औषधालयचालकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

तक्ता आणि विदाकोश

बहुतेक जण अशा नोंदी एक्सेलच्या तक्त्यात करतात, आणि वीस-पंचवीस कागदांपुरते ते चालूनही जाते. परंतु तक्त्याच्या कोणत्याही चौकटीत काहीही लिहिता येते. तारखेच्या रकान्यात कोणी 'पुढच्या वर्षी' असे लिहिले तरी तो तक्रार करीत नाही. डेटाबेस, म्हणजे विदाकोश, तसे करू देत नाही. प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी ठरवावा लागतो व पुढे तो पाळावाच लागतो. नवशिक्यास ही अडचण वाटते. खरे तर हाच त्याचा गुण आहे.

ही कल्पना आपणांस परकी नाही. द्रव्यगुणात कोणतेही द्रव्य घ्या, त्याचा रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव सांगावा लागतो. सुंठीसाठी एक पद्धत व हळदीसाठी दुसरी, असे होत नाही. हे पाच रकाने झाले. सुंठ ही एक ओळ व हळद ही दुसरी. एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित विदेची जी मांडणी केली, तिचा पाया समान रकान्यांत बसविलेल्या ओळी हाच होता.

निघंटूंची अडचणही तीच आहे. एका द्रव्यास अनेक नावे व एका नावाची अनेक द्रव्ये. गुडूची, छिन्नरुहा, अमृता ही गुळवेलीची नावे. परंतु भावप्रकाशात हरीतकीचे जे सात प्रकार दिले आहेत, त्यांतही एक अमृता आहे. त्याच सातांत विजया आहे, आणि विजया म्हणजे भांगही. जीवंतीचे तसेच. म्हणून नावावरून द्रव्य ओळखणाऱ्या विद्यार्थ्यास परीक्षक पर्याय विचारून पेचात पकडतात. कागदांच्या बाबतीत 'सर्टिफिकेट' या एका नावाखाली आमच्याकडे नऊ कागद निघाले. उलट दुकानाच्या एकाच नोंदणीस आम्ही निरनिराळ्या वेळी 'गुमास्ता', 'शॉप ॲक्ट' व 'दुकान परवाना' असे लिहून ठेवले होते. विदाकोशात यावर उपाय एकच : प्रत्येक ओळीस एक क्रमांक द्यावयाचा, तो पुन्हा कोणास द्यावयाचा नाही व कागद रद्द झाला तरी तो बदलावयाचा नाही. यास प्रायमरी की म्हणतात. ॲक्सेसमध्ये 'ऑटोनंबर' हा प्रकार निवडला की हा क्रमांक आपोआप पडतो. हाच क्रमांक पेन्सिलीने मूळ कागदाच्या प्लास्टिक पाकिटावर लिहावा व पाकिटे क्रमाने बॉक्स फाईलमध्ये लावावीत. विषयवार फायली करण्याचा मोह टाळावा. विषय शोधण्याचे काम संगणकाचे आहे. कपाटात केवळ क्रम हवा.

रकाने कोणते असावेत

आमचे पहिले तक्ते सपशेल फसले, याचे कारण आम्ही आधी संगणक उघडला व मग विचार केला. दुसऱ्या वेळी पाठकोऱ्या कागदावर चार चौकटी काढल्या. पहिलीत माणसे व आस्थापना : आम्ही, पत्नी, मुले, वडील, दवाखाना, औषधालय. दुसरीत कागद देणारी कार्यालये. तिसरीत कागद. चौथीत त्या कागदांवर झालेले भरणे व नूतनीकरणे.

ही चौथी चौकट का, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण जवळपास प्रत्येक नवशिका येथेच अडखळतो. व्यवसाय कराचे उदाहरण घेऊ. आम्हा वैद्यांना महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. आम्ही पहिल्या तक्त्यात '२००९ चा कर', '२०१० चा कर', '२०११ चा कर' असे रकाने केले होते. दर वर्षी एक रकाना वाढवावयाचा व दर वर्षी फॉर्म व अहवाल नव्याने बांधावयाचा, हा उद्योग दोन वर्षांतच असह्य झाला असता. त्याऐवजी करनोंदणीचे प्रमाणपत्र ही कागदांच्या तक्त्यातील एक ओळ, आणि प्रत्येक वर्षीचा भरणा ही चौथ्या तक्त्यातील स्वतंत्र ओळ. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे कागदाचा तो क्रमांक. एका रुग्णाचा केसपेपर एकच असतो व त्यावर भेटी अनेक होतात, तसेच हे आहे. प्रत्येक भेटीसाठी आपण नवा केसपेपर काढीत नाही, आणि मागील भेट खोडून तिच्यावर नवी लिहीतही नाही. पूर्वीचे नूतनीकरण खोडून नवी तारीख लिहिली की मधल्या काळात आपण नियमात होतो याचा पुरावा आपणच पुसून टाकतो.

कागदांच्या तक्त्यात आज आमचे रकाने असे आहेत : क्रमांक, कागदाचे नाव, कोणाचा, कोणी दिला, कागदावरील मूळ क्रमांक, दिल्याची तारीख, मुदतीची तारीख, मूळ प्रत कोठे आहे, स्कॅन कोठे आहे, शेरा. यांतील 'मूळ प्रत कोठे आहे' हा रकाना काकूंच्या ट्रंकेने शिकविला. त्यात केवळ 'कपाट' असे लिहू नये. बॉक्स फाईलचा क्रमांक लिहावा. मूळ कागद तारण असेल, वकिलांकडे असेल किंवा मुलाच्या प्रवेशासाठी महाविद्यालयात जमा असेल, तर तेथील नाव, दिल्याची तारीख व मिळालेल्या पोचपावतीचा क्रमांक लिहावा.

मुदतीचा रकाना रिकामा ठेवण्याची सोय असू द्यावी. दुकाने व आस्थापनांचा नवा राज्य कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्या वेळी दहापेक्षा कमी कामगार असणाऱ्यांनी केवळ सूचना द्यावयाची, असा नियम झाला. औषध निर्मितीचा २५-ड परवानाही २०२१ च्या नियमदुरुस्तीने कायमस्वरूपी झाला. अशा कागदांपुढे काल्पनिक तारीख घालू नये. आमच्या एका औषधालयचालक मित्रांनी रकाना भरावयाचाच म्हणून '३१-१२-२०९९' घातले. पुढे त्यांच्या मुलाने ती खरी मुदत समजून परवान्यासंबंधीच्या दुसऱ्या अर्जात उतरवली.

जे अंक बेरीज-वजाबाकीसाठी नाहीत, त्यांचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवावा. परिषदेच्या नोंदणी क्रमांकात अक्षरेही असतात, तेव्हा ते उघडच आहे. परंतु मोबाईल क्रमांकही तसाच ठेवावा. ॲक्सेसचा 'लाँग इंटिजर' हा प्रकार २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. नऊने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक त्यात मावत नाही व संगणक तो नाकारतो. निदान नाकारतो तरी. एक्सेल मात्र पंधरा अंकांनंतरचे अंक निमूटपणे शून्य करते, आणि सोळा-सतरा अंकी बँक खाते चुकीचे नोंदले गेल्याचे महिनोन्महिने समजत नाही.

तारखेचा विषमज्वर

आता आमच्या हातून घडलेला प्रमाद. आमची परिषदेकडील नोंदणी मार्च २००७ ची. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०१७ मधील मुदत ५ मार्च होती व ती आम्ही विदाकोशात नोंदलेली होती. महिन्याभरात संपणारे कागद दाखविणारी एक क्वेरी, म्हणजे पृच्छाही, आम्ही बांधलेली होती. त्यामुळे निश्चिंत होतो. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, यादीत काही आले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यादीत नोंदणी आली, आणि तिच्यापुढे छापले होते ५/३/२०१७. होऊन गेलेली तारीख संगणक पुढची म्हणून का दाखवितो, या प्रश्नावर तासभर गेल्यावर उलगडा झाला. संगणकाच्या सेटिंगमध्ये प्रदेश अमेरिका होता. तेथे महिना आधी लिहितात. आम्ही ५ मार्च म्हणून लिहिलेली तारीख त्याने ३ मे म्हणून साठविली होती.

यातील कपट असे, की १५/३ लिहिले तर ॲक्सेस ते निमूटपणे १५ मार्चच समजते, कारण पंधरावा महिना नसतो. चूक केवळ १ ते १२ तारखांनाच होते. म्हणजे बऱ्याच नोंदी बरोबर, काही चुकीच्या, आणि तपासण्यास घेतलेली नोंद नेमकी बरोबर असण्याचाच संभव अधिक. विषमज्वराचा रुग्ण ज्वर नसलेल्या दिवशी तपासावा, तशी स्थिती.

त्या मधल्या महिन्यात आम्ही एका साखर कारखान्यातील कामगारास कामावर रुजू होण्यासाठी प्रमाणपत्र दिले होते. आमवाताने तो पंधरा दिवस अंथरुणावर होता. कारखान्याच्या कार्यालयाने आमची नोंदणी चालू आहे का, हे पाहिले. ती त्या दिवशी चालू नव्हती. त्याची पंधरा दिवसांची रजा बिनपगारी झाली. आम्ही विलंबाने नूतनीकरण केले व पत्र लिहून सर्व दोष आमचा असल्याचे कळविले. त्याचा वेतनाचा प्रश्न सुटेपर्यंत पावसाळा आला. त्याने आम्हांस एका शब्दाने दुखविले नाही, आणि त्यामुळेच ते अधिक लागले.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. संगणकाचा प्रदेश 'भारत' केला. तारखेच्या रकान्यात महिना अक्षरांत दिसेल असे स्वरूप ठरविले, म्हणजे '०५-मार्च-२०१७'. मग घोटाळ्यास जागाच उरत नाही. आणि पृच्छेची अट बदलली. पूर्वीची अट 'आजपासून पुढील ३० दिवसांत संपणारे' अशी होती. तिच्यात आणखी एक छिद्र होते : काल मुदत संपलेला कागद तिच्यातून निसटून जाई. आता अट आहे 'आजपासून ९० दिवसांनंतरच्या तारखेपूर्वी संपणारे, मग ते संपून गेलेले असोत वा नसोत'. नूतनीकरण होऊन नवी तारीख पडेपर्यंत कागद यादीतून हलत नाही. प्रत्येक वर्षी भरावयाच्या गोष्टींची देय तारीख चौथ्या तक्त्यात आधीच घालून ठेवतो. व्यवसाय कर ३० जूनपर्यंत, जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवालही ३० जूनपर्यंत. दोन्ही एप्रिलमध्येच यादीत येऊन बसतात. औषधालयचालकांनी इलेक्ट्रॉनिक तराजूची वार्षिक पडताळणी येथेच नोंदवावी. ती हमखास विसरली जाते.

मराठीतून नोंद करताना

आमचे पहिले तक्ते श्रीलिपीच्या टंकात भरलेले होते. पडद्यावर मराठी दिसे, परंतु आत साठविलेली अक्षरे रोमन संकेतांची. तो टंक नसलेल्या संगणकावर सारी निरर्थक चिन्हे, आणि अकारविल्हे लावण्यास सांगितले तर क्रम भलताच. युनिकोडमध्ये सर्व नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. आजच्या नवशिक्यास हा ताप नाही. इनस्क्रिप्ट किंवा कोणत्याही युनिकोड कळफलकाने आरंभापासून लिहावे.

तरीही एक खाच आहे. 'ॲक्ट' मधील 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी, व काही कळफलकांवर आजही, 'अ' वर चंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकास निराळे. 'शॉप ॲक्ट' शोधल्यावर नोंद सापडेना, तेव्हा कारण हेच निघाले. गावाच्या नावाचेही तेच. 'रहिमतपूर' व 'रहिमतपुर' हे संगणकाच्या लेखी दोन गाव. म्हणून गाव, कार्यालय, कागदाचा प्रकार हे हाताने टंकित करू नये. स्वतंत्र तक्त्यातून निवडण्याची यादी फॉर्मवर ठेवावी.

नक्कल कोठे ठेवावी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमच्या एका वैद्यमित्रांचा तळमजल्यावरील दवाखाना बुडाला. त्यांची नोंद उत्तम होती. नक्कलही होती, पेन ड्राइव्हवर. आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाच्याच टेबलाच्या खणात होता. आमच्याकडे नदी इतकी जवळ येत नाही, परंतु विजेचा लपंडाव आहे व वाळवी आहे. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दोन नकला करतो. एक दवाखान्याबाहेर, घरी कपाटात. दुसरी बहिणीकडे कराडला, जाण्या-येण्यात पोहोचविली जाते.

नक्कल केवळ मूळ फाईलची नसावी. सर्व तक्ते सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपातही काढून ठेवावेत. आमच्या पिढीतील काही औषधालयांची खाती फॉक्सप्रोमध्ये होती. तिची शेवटची आवृत्ती २००४ ची, व कंपनीने २०१५ च्या जानेवारीत तिचा आधारही काढून घेतला. सीएसव्ही कोणताही संगणक वाचतो. काढताना संकेत यूटीएफ-८ निवडावा, अन्यथा साऱ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. हा अनुभव आम्ही घेतलेला आहे. याच सीएसव्हीच्या आधारे आम्ही २०१८ मध्ये ॲक्सेस सोडून लिबरऑफिस बेसवर आलो. ते विनामूल्य आहे व त्याचे पडदे मराठीतही मिळतात. ॲक्सेस अधिक सफाईदार आहे हे खरे, परंतु घरगुती दप्तरास बेस पुरेसे आहे.

स्कॅन केलेली चित्रे विदाकोशाच्या पोटात भरू नयेत. ॲक्सेसची फाईल दोन गिगाबाइटच्या पुढे जात नाही, आणि ती फुगली की बिघडण्याचा संभव वाढतो. चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये, कागदाचा क्रमांक हेच फाईलचे नाव. परवलीचे शब्द विदाकोशात लिहू नयेत. आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक ओळखीस पुरतात. रुग्णांच्या नोंदी तर या फाईलमध्ये मुळीच आणू नयेत. त्यांची गोपनीयता निराळी, त्यांचा विषयही निराळा. असो.

एक गोष्ट आम्ही उशिरा केली. ही सारी व्यवस्था आम्हांसच ठाऊक होती, म्हणजे ट्रंक जाऊन तिच्या जागी संगणक आला एवढेच. आता प्रत्येक महिन्याची यादी पत्नी छापते, आम्ही नव्हे. मागील वर्षी आम्ही तिला आमच्या वडिलांच्या शेताचा फेरफार उतारा शोधण्यास सांगितले व स्वतः रुग्ण तपासीत बसलो. तिला अकरा मिनिटे लागली, त्यांतील सात संगणक सुरू होण्यास. पाकिटात मात्र उतारा नव्हता. तो आम्हीच तलाठी कार्यालयात नेऊन शेऱ्यात नोंद न करता परत बॅगेत ठेवला होता.

कोऱ्या तक्त्यांची फाईल आमच्याकडे तयार आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन यावे. सायंकाळी सातनंतर दवाखान्यात गर्दी नसते. येताना आपल्या कपाटातील कोणतेही दहा कागद सोबत आणावेत, म्हणजे पहिल्या दहा नोंदी येथेच करून जाता येईल.